वाचक विचारतात : ३३ चिंचोक्यांचं अजून कोणालाच माहीत नाही

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गणितात न सुटलेले प्रश्न ढीगभर पडलेत आणि त्यातले काही तर आठवीच्या पोराला समजतील इतके साधे आहेत, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. अल्जिब्रा आणि डिस्क्रीट जॉमेट्री, म्हणजे ठिपके, टाइल, गोळे मोजायची जी भूमिती असते ना ती, याच दोन विषयांतले प्रश्न घेतलेत. बाकीचे पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : मी शहाद्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांना हाताने करून बघता येईल असा एखादा न सुटलेला प्रश्न सांगा ना. साहित्याला पैसे नाहीत हे आधीच सांगते. (शिक्षिका, शहादा तालुका)

उत्तर : मॅडम, चिंचोके गोळा करायला सांगा. बस, तेवढंच लागतं.

पाच चिंचोके जमिनीवर कसेही टाका, फक्त तीन एका रेषेत यायला नको. आता मुलांना सांगा की यातले चार असे निवडा की त्यांच्याभोवती सुतळी ताणली तर चारही कोपऱ्यावर येतील, एकही आत पडणार नाही. म्हणजे बाहेर फुगलेला चौकोन. मुलं टाकतील, सापडेल. परत टाकतील, परत सापडेल. मग एखादं पोरगं हट्टाला पेटेल की मी असे ठेवतो की सापडणारच नाही, आणि तो हट्ट करू द्या, दहा मिनिटं करू द्या, कारण गणित तिथेच सुरू होतं. त्याला जमणार नाही. का जमणार नाही ते सांगते तुमची सुतळीच. पाचही चिंचोक्यांभोवती सुतळी ताणा. ती चार किंवा पाच चिंचोक्यांना टेकली तर काम झालंच. तिघांनाच टेकली तर दोन चिंचोके त्रिकोणाच्या आत राहिले. त्या आतल्या दोघांतून एक सरळ काठी ठेवा, त्रिकोणाचे दोन कोपरे काठीच्या एका बाजूला येतात, आणि ते दोन अधिक आतले दोन मिळून चौकोन झाला. हे पूर्ण प्रूफ आहे, यात काहीच सोडलेलं नाही.

ही गोष्ट १९३३ साली बुडापेस्टमध्ये एस्थर क्लाइन नावाच्या तरुण मुलीने आपल्या मित्रांपुढे मांडली. मित्रांत पॉल एर्डोश होते आणि जॉर्ज सेकेरेश होते. तिने पुढे विचारलं की पंचकोनाला किती ठिपके लागतील, षटकोनाला किती? एर्डोश आणि सेकेरेश यांचा त्यावरचा पेपर १९३५ मध्ये आला, आणि नंतर एस्थर आणि जॉर्जचं लग्न झालं म्हणून एर्डोश या प्रश्नाला हॅपी एंडिंगचा प्रश्न म्हणायला लागले. ती दोघं पुढे जीव वाचवत शांघायला गेली, मग ऑस्ट्रेलियात, आणि २८ ऑगस्ट २००५ ला ॲडलेडमध्ये एका तासाच्या अंतराने गेली. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचेही शांत होतात.

आता आकडे बघा. चौकोनाला ५ पुरतात. पंचकोनाला ९. षटकोनाला १७, आणि हे १७ सिद्ध व्हायला २००६ उजाडलं, जॉर्ज सेकेरेश आणि लिंडसे पीटर्स यांनी कॉम्प्युटर लावून केलं, तेव्हा सेकेरेश हयातही नव्हते. ५, ९, १७ यात पॅटर्न दिसतो का मुलांना विचारा. प्रत्येक वेळी फरक दुप्पट होतो, ४ मग ८, म्हणजे पुढे १६, म्हणजे सप्तकोनाला ३३. सगळ्यांना वाटतं ३३च. ३२ चिंचोके असे ठेवता येतात की एकही बाहेर फुगलेला सप्तकोन मिळत नाही, हे ठेवून दाखवलेलं आहे, त्यामुळे ३३ पेक्षा कमी चालणार नाही हे पक्कं. पण ३३ मध्ये मिळतोच हे जगात कोणी सिद्ध केलेलं नाही. अँड्र्यू सूक यांनी २०१६ मध्ये मोठ्या आकड्यांसाठी अंदाजाच्या बरंच जवळ नेलं, पण नेमके ३३, ते नाही.

मुलांना द्यायचं काम : ८ चिंचोके असे ठेवा की बाहेर फुगलेला पंचकोन कुठेच नाही. हे जमतं, पण घाम निघतो. जमलं की वहीत काढून तारीख टाकायला लावा. आणि एखादी मुलगी विचारेल की आत एकही चिंचोका नसलेला रिकामा षटकोन पाहिजे असेल तर? तिला सांगा की बाई हा तुझा प्रश्न २०२४ मध्ये सुटला, उत्तर ३० आहे. आणि रिकामा सप्तकोन? तो कितीही ठिपके टाकले तरी टाळता येतो, हॉर्टन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. सहाला आहे आणि सातला नाही, मला हे अजूनही चमत्कारिक वाटतं.

प्रश्न : केळीचा बाग आहे, टिश्यूची रोपं ५ बाय ५ वर लावतो. एकाने सांगितलं त्रिकोणी पद्धतीने लावा, झाडं जास्त बसतात. आमचे मोठे भाऊ म्हणतात कायले डोकं लावता, जागा तेवढीच तर आहे. गणित काय म्हणतं? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, जागा तेवढीच आहे पण झाडं जास्त बसतात, गणित तुमच्या त्या मित्राच्या बाजूने आहे.

अट एवढीच धरा की कुठल्याही दोन खोडांत ५ फुटांपेक्षा कमी अंतर नको. चौकोनी लागवडीत एका झाडाला २५ चौरस फूट लागतात, एकरात साधारण १,७४२ झाडं. त्रिकोणी लागवडीत पुढची ओळ अर्ध्या अंतराने सरकवायची, म्हणजे प्रत्येक झाड मागच्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध येतं, आणि मग दोन ओळींत ५ ऐवजी साधारण ४ फूट ४ इंच पुरतात. एका झाडाला २१.६५ चौरस फूट, एकरात २,०१२ च्या आसपास. जवळजवळ १५ टक्के जास्त. प्रत्येक झाडाला सहा शेजारी, सगळे बरोबर ५ फुटांवर. आता हे कागदावरचं झालं, ओळी जवळ आल्या की ठिबकच्या नळ्या, घड काढायला शिरायची जागा, दाटी आणि करपा हे सगळं बघावं लागतं, त्यामुळे मृगबागाला लगेच बदलू नका, कृषी सहाय्यकाशी बोला, एखाद्या कोपऱ्यात करून बघा.

पण तुमच्या प्रश्नात खोल गोष्ट आहे. त्रिकोणीपेक्षाही चांगली, अगदी वेडीवाकडी पण जास्त झाडं बसवणारी पद्धत असू शकते का? नसते. पण हे सिद्ध करायला आक्सेल थ्यू आणि नंतर १९४० च्या दशकात लास्लो फेयेश टोथ यांना झटावं लागलं. जमिनीवरून वर चढा, म्हणजे बाजारात लिंबांचा ढीग रचतात तसं, तर केपलर यांनी १६११ मध्ये सांगितलं की यापेक्षा दाट रचना नाही, ढिगाची ७४ टक्के जागा लिंबांनी भरते. थॉमस हेल्स यांनी प्रूफ दिलं १९९८ मध्ये. मधे किती वर्षं गेली बघा. प्रूफ इतकं अवाढव्य होतं की तपासणाऱ्यांनी पूर्ण खात्री देता येत नाही म्हटलं, मग हेल्स यांनी टीम जमवून कॉम्प्युटरकडून ओळ न् ओळ तपासून घेतली, ते काम २०१४ ला संपलं. मारिना व्याझोव्स्का या युक्रेनच्या गणितज्ञ बाईंनी २०१६ मध्ये आठ मितींतला (शेत दोन मितींचं, लिंबांचा ढीग तीन मितींचा, तसंच पुढे) हाच प्रश्न थोडक्या पानांत सोडवला, त्याबद्दल त्यांना २०२२ चं फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळालं. पाच मितींत मात्र एका गोळ्याला एकाच वेळी किती गोळे टेकू शकतात हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, ४० तरी टेकतात आणि ४४ च्या वर जात नाहीत, एवढंच. तुमच्या शेतात तो आकडा ६ आहे, लिंबांत १२.

आणि हो, बांध आला की सगळं बदलतं. छोट्या चौकोनी पेटीत ३६ गोल चकत्या बसवायच्या असतील तर ६ बाय ६ चौकोनी रांगाच सगळ्यात भारी. पण ४९ साठी ७ बाय ७ ला हरवणारी रचना सापडलेली आहे, म्हणजे त्याच पेटीत जरा मोठ्या ४९ चकत्या बसतात! मोठ्या आकड्यांसाठी सगळ्यात चांगली रचना कोणती, हे बहुतेक ठिकाणी उघडंच आहे. वाटाण्याचे दाणे आणि डब्याचं झाकण घेऊन बसलात तरी चालेल.

प्रश्न : एस.वाय. बीएस्सीला ग्रुप थिअरी आहे. व्याख्या पाठ, थिअरम पाठ, पेपर पास. पण यात शोधायला उरलंय काय? सगळं तर गाइडमध्ये आहे. (विद्यार्थी, चोपडा)

उत्तर : गाइड बाजूला ठेव आणि एक काम कर. ग्रुप म्हणजे असा संच की त्यातले कुठलेही दोन घटक जोडले तर उत्तर त्यातच येतं आणि केलेलं उलटवताही येतं. ८ घटकांचे एकमेकांपेक्षा वेगळे ग्रुप किती? तुझ्या सिलॅबसमध्ये आहे, उत्तर ५. आता १६ चे? १४. ३२ चे ५१. ६४ चे २६७. पुढे आकडा सुटतोच, ५१२ घटकांचे ग्रुप आहेत १ कोटी ४ लाख ९४ हजार २१३. १०२४ घटकांचे ४,९४८ कोटी ७३ लाख ६७ हजार २८९. आणि या शेवटच्या आकड्याची गंमत ऐक. २००० च्या सुमारास तो कॉम्प्युटरने मोजला गेला, पुस्तकांत छापला गेला, वीसेक वर्षं सगळे तोच वापरत होते, मग डेव्हिड बरेल नावाच्या संशोधकाने परत मोजला आणि निघालं की आधीचा आकडा १,८६७ ने कमी होता. मग २०४८ चे किती? नेमकं कोणालाच माहीत नाही.

तू जी चार ओळींची व्याख्या पाठ केलीस ना, त्या चार ओळींतून हे निघतं.

दुसरा प्रश्न सांगतो, तो तर खेळच आहे. दोनच अक्षरं घे, अ आणि ब. त्यांचे कितीही लांब शब्द कर. नियम एक : कुठलाही तुकडा लागोपाठ दोनदा आला की तो पुसायचा. म्हणजे अअ पुसला, बब पुसला, अबअब पण पुसला. हवा तिथे असा जोड तुकडा घुसवायलाही परवानगी. शेवटी खरे वेगळे शब्द किती उरतात? स्वतः कर, चारच उरतात, रिकामा, अ, ब आणि अब, कारण बअ हा अबच निघतो. आता नियम बदल, तुकडा लागोपाठ तीनदा आला तर पुसायचा. २७ उरतात. चारदा केलं तर ४,०९६. आणि पाचदा? पाचदाला शब्द संपतात की संपतच नाहीत, मर्यादित आहेत की अनंत, हेच माहीत नाही. विल्यम बर्नसाइड यांनी हा प्रश्न १९०२ मध्ये विचारला. सहाचं उत्तर मर्यादित आहे, ते सुटलंय. मोठ्या विषम आकड्यांना अनंत निघतात हे नोविकोव्ह आणि अद्यान यांनी १९६८ मध्ये दाखवलं. मधला हा पाच तसाच उभा आहे.

तीनचा नियम घेऊन २७ शब्द स्वतःच्या हाताने काढ. दोन-तीन दिवस लागतील, चुका होतील, कागद फाडशील. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण हे केल्यावर ग्रुपची व्याख्या तुला पाठ करावी लागणार नाही. गॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ग्रुपचे लोक तेच वापरतात, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकून घे, पण हाताने करून झाल्यावर.

प्रश्न : आम्ही चाळीसगावचे, पाटणादेवीला दरवर्षी जातो. तिथे भास्कराचार्यांचा शिलालेख आहे म्हणतात. त्यांच्या गणिताचा आजच्या रिसर्चशी खरंच काही संबंध आहे की नुसता अभिमान? (वाचक, चाळीसगाव)

उत्तर : संबंध आहे, आणि तो मला दाखवायला फार आवडतो.

आधी शिलालेखाचं. पाटणचा लेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा आहे, १२०७ सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला, निकुंभ घराण्याने त्याला दान दिलं, हे त्यात कोरलंय. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. म्हणजे बघा, आपल्या या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी पोरं बीजगणित शिकायला बसत होती, मी तिथे उभा राहतो तेव्हा मला तेच आठवतं.

आता गणित. भास्कराचार्यांनी बीजगणितात हा प्रश्न घातलाय : असा वर्ग सांगा ज्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर परत वर्गच येईल. छोटे आकडे टाकून बघाल तर आयुष्य जाईल. कारण सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि त्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की येतो १७६,६३,१९,०४९ चा वर्ग. बाराव्या शतकात, कागद-पेन नसताना. फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून टाकला होता, त्यांना भास्कराचार्यांबद्दल काहीच कल्पना नव्हती.

कसं काढलं? ३९ चा वर्ग १५२१. ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५. फरक उणे ४. ही जवळपास बरोबर असलेली जोडी. भास्कराचार्यांनी वापरलेल्या चक्रवाल नावाच्या पद्धतीत अशा जवळपासच्या जोड्या एकमेकींशी गुणत गुणत नेमक्या उत्तरापर्यंत जातात. जोड्या गुणायची ती युक्ती ब्रह्मगुप्तांची, सातव्या शतकातली, तिला भावना म्हणतात. सोपं उदाहरण घ्या, ६१ ऐवजी २. ३ चा वर्ग ९, २ च्या वर्गाची दुप्पट ८, फरक १. ही जोडी ३, २. तिला स्वतःशीच गुणली की १७, १२ येते. २८९ आणि २८८, परत फरक १. पुढे ९९, ७०. ९८०१ आणि ९८००. थांबतच नाही.

आज एम.एस्सी.ला हेच वेगळ्या भाषेत शिकवतात. पूर्ण संख्यांत २ चं वर्गमूळ मिसळून जी रिंग, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येणारा संख्यांचा संच, होते, तिच्यात ज्यांनी १ ला भागलं तरी उत्तर तिच्यातच राहतं त्या संख्यांना युनिट म्हणतात, आणि ३ अधिक २ गुणिले वर्गमूळ २ हे तिथलं युनिट आहे. भावना म्हणजे त्या रिंगमधला गुणाकार. भास्कराचार्य ६१ च्या रिंगचं युनिट काढत होते, शब्द नंतर आले.

आणि न सुटलेला भाग इथेच चिकटून बसलाय. आपल्या नेहमीच्या संख्यांत प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ६ म्हणजे २ गुणिले ३, दुसरं काही नाही. पण १० चं वर्गमूळ मिसळलं तर ६ हा ४ अधिक वर्गमूळ १० गुणिले ४ उणे वर्गमूळ १० असाही पडतो. १६ उणे १०, बघा. एकाच संख्येचे दोन वेगळे संसार! २, ३, ७ वगैरेंच्या बाबतीत असा घोळ होत नाही. मग असा घोळ न होणारे आकडे अनंत आहेत का? गाउस यांनी १८०१ मध्ये जे आकडे मांडले त्यावरून वाटतं की हो, अनंत आहेत, कॉम्प्युटरने मोजत गेलं तरी तसंच दिसतं, पण प्रूफ नाही. सव्वादोनशे वर्षं झाली. यात अडचण करतं कोण, तर ही युनिटंच, कधी लहान, कधी ६१ सारखी अचानक प्रचंड, आणि ती कधी मोठी होतील याचा अंदाज लागत नाही. म्हणजे पाटणच्या मठात जे काढायला शिकवत असतील त्याच वस्तूपाशी आजचे लोक अडलेत.

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झालोय. सपाट कागद ६ रंगांत असा रंगवलाय की बरोबर १ सेंटीमीटर अंतरावरचे कुठलेही दोन बिंदू एका रंगाचे येत नाहीत. हा प्रश्न न सुटलेला आहे असं वाचलं. एका जर्नलने पैसे भरले तर छापतो म्हटलंय. भरू का? (वाचक, धुळे)

उत्तर : पैसे भरू नका. कुठल्याही परिस्थितीत नको. गणितात चांगलं जर्नल तुमच्याकडे आधी पैसे मागत नाही.

आता तुमच्या कामाचं. असं रंगवायला कमीत कमी किती रंग लागतात, हा प्रश्न १९५० चा, एडवर्ड नेल्सन यांचा. ७ रंगांत होतं हे पक्कं : षटकोनी टाइल घ्या, बाजू ०.४५ सेंमी, म्हणजे टाइलच्या आत सगळ्यात लांब अंतर ०.९ झालं, १ पेक्षा कमी. मधली एक आणि भोवतीच्या सहा अशा सात टाइलना सात रंग देऊन तोच फुलाचा नमुना पसरवत न्या, एका रंगाच्या दोन टाइलमध्ये जवळात जवळचं अंतर १.१९ येतं. दोन्हीकडून १ टळलं. खालच्या बाजूने, ३ रंगांत होत नाही हे सात बिंदूंच्या एका आकृतीने दिसतं. आणि ४ रंगांतही होत नाही हे २०१८ मध्ये ऑब्री डी ग्रे यांनी १,५८१ बिंदूंची आकृती बनवून दाखवलं, ते तर म्हातारपणाच्या जीवशास्त्रात काम करणारे आहेत. नंतर लोकांनी ती आकृती ५०९ बिंदूंवर आणली. म्हणजे उत्तर ५, ६ किंवा ७. तुमचं ६ चं रंगकाम खरं असेल तर ही जगाची बातमी आहे, म्हणून शांतपणे तपासू.

तीन जागा बघा. एक, दोन रंगांच्या सीमारेषेवरचे बिंदू कोणत्या रंगाचे? बहुतेक वेळा गडबड तिथे असते. दोन, कर्कटक १ सेंमीवर धरून रंगाच्या एका ठिगळातल्या सगळ्या कोपऱ्यांवरून फिरवा, नुसत्या मध्यावरून नको. तीन, सहा रंगांपैकी पाच १ सेंमी टाळतात आणि सहावा रंग वेगळंच अंतर टाळतो, अशी रचना आधीपासून माहीत आहे, ती छान आहे पण तिने मूळ प्रश्न सुटत नाही. तुमचं तसं झालंय का ते बघा.

मी एम.एस्सी.ला असताना तीन महिने एक प्रूफ उराशी धरून हिंडत होतो, सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं, तिथे मी एक केस सोडली होती. त्या दिवशी रडू आलं, पण ती सोडलेली केस काय आहे हे समजून घेताना मी जेवढं शिकलो तेवढं त्या तीन महिन्यांत नव्हतो शिकलो. म्हणून म्हणतो, दाखवा. आकृती स्वच्छ काढा, प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत लिहा, आणि जळगावला विद्यापीठाच्या गणित विभागात किंवा जवळच्या कॉलेजात जाऊन समोर बसून समजावून सांगा. वय आणि डिग्री आड येत नाही. कुर्ट हेगनर यांनी जर्मनीत शाळेत शिकवलं होतं, त्यांनी १९५२ मध्ये गाउसच्याच एका प्रश्नाचं प्रूफ छापलं, लोकांनी त्यात खोट आहे म्हणून बाजूला ठेवलं, ते १९६५ मध्ये वारले आणि त्यानंतर कळलं की प्रूफ मुळात बरोबर होतं. डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले इंग्लंडचे गृहस्थ, कागद कापत कापत त्यांना अशी एक टाइल सापडली जी सगळी जमीन भरते पण नमुना कधीच परत परत येत नाही. त्यांनी जाणकारांना गाठलं, चौघांनी मिळून २०२३ मध्ये पेपर आणला. आपल्याकडे देवळालीचे कापरेकर मास्तर होतेच की, शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, गणितच करायचं म्हणते. नीट-जेईई नको म्हणते. पोट भरेल का? (आई, भुसावळ)

उत्तर : ताई, भरेल. पुण्याच्या आयसर आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेशाच्या तारखा आत्ताच बघून ठेवा. नाही जमलं तर जवळच्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी, उन्हाळ्यात एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण शिबिराला अर्ज, आणि शेवटच्या वर्षी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. पुढे नेट-जेआरएफ किंवा एनबीएचएम, म्हणजे राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची फेलोशिप मिळाली की पीएचडी करताना दरमहा पैसे मिळतात, घरातून द्यावे लागत नाहीत. श्रीखंडे आडनावाचे मराठी गणिती, शरच्चंद्र श्रीखंडे, त्यांनी बोस आणि पार्कर यांच्याबरोबर १९५९ मध्ये ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा पाडला होता, तिला हे नाव सांगा, बाकी ती शोधेल.

प्रश्न : या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : एकच सांगतो. एक चौकट घ्या, प्रत्येक घरात अधिक किंवा उणे, अशी की कुठल्याही दोन ओळी शेजारी धरल्या तर बरोबर निम्म्या घरांत जुळतात आणि निम्म्यांत जुळत नाहीत. याला हाडामार मॅट्रिक्स म्हणतात. १९७१ मध्ये मरिनर ९ यानाने मंगळाचे फोटो पाठवले तेव्हा वाटेत बिघडलेले सिग्नल दुरुस्त करायला ३२ बाय ३२ ची अशीच चौकट कामाला आली. अंदाज असा की ४ ने भाग जाणाऱ्या प्रत्येक आकाराची चौकट असते. ६६४ पर्यंत सगळ्या सापडल्यात. ६६८ ची कोणालाच सापडलेली नाही, आणि ती नसतेच असंही कोणी दाखवलेलं नाही.

४ बाय ४ पाच मिनिटांत जमते. ८ ची, ४ ची दुप्पट करून. १२ ची हाताने करा आणि फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.